कुत्र्यांना कुरवाळायला जाणार असाल तर हा रिव्ह्यू आधी वाचा

सुरुवातीलाच सांगते, मी जिथे व्हॉलंटियर म्हणून जाते त्या प्राण्यांच्या शेल्टरचं नाव आणि पत्ता या रिव्ह्यूत मिळणार नाही. त्यांनी मनाई केलेली नाही, मीच लिहीत नाहीये. पत्ता चारचौघांत झाला की पहाटे फाटकाला पिल्लांचं खोकं बांधलेलं सापडतं. खोक्यावर सुवाच्य अक्षरात 'कृपया सांभाळा' लिहिलेलं असतं आणि आतल्या पिल्लांचे डोळेसुद्धा उघडलेले नसतात. पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे एवढं पुरे. दिशा विचारू नका. ज्याला खरंच काम करायचंय त्याला अशा जागा सापडतात.

मी बँकेतून व्हीआरएस घेतलेली बाई. मुलगी बंगळुरूला, नवऱ्याची सकाळ टेकडीवर आणि दुपार क्रिकेटसमोर. माहेर परळचं, बैलघोडा हॉस्पिटलपासून चालत पाच मिनिटांवर. १८७४ साली मुंबईत प्राण्यांसाठी जी संस्था निघाली तिचं हे रुग्णालय. पाटीवर बाई साकरबाई दिनशा पेटिट असं भारदस्त नाव असलं तरी बसच्या कंडक्टरपासून सगळे बैलघोडाच म्हणायचे. त्यामुळे जनावरालाही केसपेपर असतो, त्यालाही पाळीपाळीने तपासतात, हे मला लहानपणापासून ठाऊक. मोजमाप तिथलं आहे, म्हणून माझी मतं थोडी कडक वाटली तर समजून घ्या.

पाचपैकी चार तारे देतेय. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

आधी नोंदणी. फॉर्म भरायचा, वय अठरा पूर्ण हवं, आणि आठवड्यातला एक ठरलेला वार किमान तीन महिने सांभाळायचा. पाचशे रुपये एकदाच भरायचे, त्यात ओळखपत्र आणि टी-शर्ट. टी-शर्टाचा रंग पहिल्याच धुण्यात उतरला आणि नवऱ्याचे दोन बनियन निळे झाले. पण खरी अट पुढेच आहे. रेबीजची लस आधी, काम नंतर. कुत्रा चावण्याच्या आधी घ्यायचे ते तीन डोस: पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी. सगळे दंडात. खर्च आपला. कार्ड दाखवल्याशिवाय केनेलच्या, म्हणजे कुत्र्यांच्या खोल्यांच्या, दारापलीकडे पाऊल टाकू देत नाहीत. आमच्या बॅचमधला एक तरुण यावरून हुज्जत घालत होता, म्हणे माझ्या घरी कुत्रा आहे, मला सवय आहे. बाकावर बसलेल्या मावशींनी मान वर न करता सांगितलं, "सवय तुला आहे रे, रेबीजला नाही." पोरगा गप्प. आणि ही लस घेतली म्हणजे कायमचं कवच मिळालं असंही नाही, हे पहिल्याच दिवशी समजावतात. चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, आणि आधी लस झालेली असली तरी पुन्हा दोन डोस घ्यायचे, त्याच दिवशी एक आणि तिसऱ्या दिवशी दुसरा. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की मग जवळजवळ कुणीच वाचत नाही, म्हणून एवढी कडकाई. याला माझे पूर्ण गुण.

याआधी मी दुसऱ्या एका ठिकाणी जाऊन आले होते. तिथे पहिल्याच दिवशी, हात न धुता, लस न विचारता, माझ्या मांडीवर तीन पिल्लं ठेवली आणि फोटो काढला. मलाही छान वाटलं, खोटं कशाला बोला. पण शेजारच्या पिंजऱ्यात पार्व्होचं, म्हणजे जुलाब-उलट्यांच्या जीवघेण्या संसर्गाचं, पिल्लू सलाईनवर होतं, आणि त्याला हात लावलेल्याच हातांनी तिथली मुलगी आम्हाला चहा देत होती. पुन्हा गेले नाही.

इथे पहिला महिना कुठल्याही प्राण्याला कुरवाळायला मिळत नाही. हे वाचून निम्मे लोक इथेच थांबतील, थांबा. पहिला महिना झाडू, खराटा, बादली. आणि सफाईसुद्धा मनाला येईल तशी नाही. आधी शी खरवडून उचलायची, मग साबणाच्या पाण्याने घासायचं, मग पाणी मारायचं, मग ब्लीच पातळ करून ओतायचं आणि दहा मिनिटं हात बांधून उभं राहायचं. मग पुन्हा पाणी. त्या दहा मिनिटांत नवीन माणूस फार चुळबुळतो. पण पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकून राहतो, घरात आपण वापरतो त्या फिनेलच्या वासाने तो काही पळत नाही, आणि घाणीवर ओतलेलं ब्लीच फुकट जातं. पिल्लांच्या खोलीच्या उंबऱ्यात ब्लीचच्या पाण्याचा ट्रे आहे, त्यात गमबूट बुडवूनच आत. मांजरांच्या बाजूला तर फिनेलची बाटली दिसली तरी ओरडा बसतो, कारण मांजरांच्या शरीराला ती रसायनं पचत नाहीत. पायाला लागलेलं ती चाटून साफ करतात, म्हणजे सरळ पोटातच. माझ्या ओळखीच्या किती घरांत मांजर आहे आणि रोज फिनेलची फरशी आहे, मोजायला नको.

शेल्टर चांगलं की वाईट हे ओळखायला मी नाक आणि रजिस्टर या दोनच गोष्टी बघते. नाकाचं सांगितलं. रजिस्टरच्या बाबतीत तर मी बँकवाली, माझं समाधान करणं सोपं नाही. इथे प्रत्येक केनेलच्या दाराला पाटी आहे. नाव, कधी आला, कुठून आला, लस, नसबंदी, औषध किती वाजता. खाली रोजचे दोन रकाने. जेवण: पूर्ण, अर्धं, नाही. शी: घट्ट, पातळ, रक्त. भरणाऱ्याची सही. सही नसेल तर डॉक्टर त्या दिवशीच्या माणसाला शोधून काढतात. आमच्या शाखेत कॅश टॅली व्हायची त्याच पद्धतीने इथे संध्याकाळी शी टॅली होते. हसू नका, एका म्हाताऱ्या कुत्रीचं मूत्रपिंड बिघडलंय हे सगळ्यांत आधी याच रकान्यात दिसलं होतं. सलग 'अर्धं, अर्धं, नाही'.

स्वयंपाकघराबद्दल फार लिहीत नाही. कणी, चिकनच्या माना आणि पाय, भोपळा, हळद. मीठ नाही, कांदा-लसूण अजिबात नाही, तो कुत्र्यांच्या रक्तावर परिणाम करतो. येताना प्रेमाने बिस्किटांचे पुडे आणि दुधाच्या पिशव्या आणणाऱ्यांना मावशी हसून घेतात आणि ते सगळं कामगारांच्या चहाला जातं. मोठ्या कुत्र्या-मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात, आणि ते जुलाब कोण धुणार?

दुसऱ्या महिन्यानंतर मला मागच्या वॉर्डात घेतलं. इथे कंबरेतून गेलेले कुत्रे असतात. हायवेवर गाडीने उडवलेले, पाठीचा कणा मोडलेला, मागचे पाय फरफटत जाणारे. शेल्टर बघायला येणारे लोक या वॉर्डासमोर 'अरे रे' करतात आणि पुढच्या पिल्लांकडे जातात. खरं काम इथे आहे. यांतल्या बऱ्याच कुत्र्यांना लघवी आपोआप करता येत नाही. मूत्राशय भरत राहतं, रिकामं होत नाही, आणि तसंच राहिलं तर संसर्ग होऊन जीव जातो. म्हणून दिवसातून तीन वेळा कुणीतरी हाताने ते रिकामं करायचं. पॅराव्हेट, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांचे मदतनीस, दादांनी मला शिकवलं. कुत्र्याला आडवं किंवा आधाराने उभं करायचं, दोन्ही तळवे पोटाच्या मागच्या भागावर दोन बाजूंनी सपाट ठेवायचे, आणि आत चाचपायचं. सुरुवातीला काहीच कळत नाही, सगळं मऊ लागतं. मग एकदम हाताला ते येतं, पाणी भरलेल्या फुग्यासारखं, तळव्यांच्या मधून सटकणारं. बोटांनी चिमटायचं नाही. तळव्यांनी हळूहळू दाबत शेपटीच्या दिशेने न्यायचं आणि धार सुरू झाली की दाब तसाच धरून ठेवायचा. धार थांबली की हात ढिला, पुन्हा चाचपायचं, उरलंय का बघायचं. रंग बघायचा, वास घ्यायचा. गढूळ किंवा लालसर दिसलं की पाटीवर लिहून डॉक्टरांना हाक. मग कोरडं पुसायचं, खुब्यावर आणि कोपरांवर जखमा होतायत का ते पाहायचं, आणि रेक्झिनच्या गादीवर कूस बदलून ठेवायचं.

त्या वॉर्डात एक आहे, नाव बाजीराव. रस्त्यावरचा साधा पिवळट गावठी, पण तोरा असा की मी उशिरा पोचले तर तोंड फिरवून बसतो. दाबायला हात ठेवला की तो माझ्याकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघतो, आणि काम झालं की एक मोठा सुस्कारा टाकतो. दुपारी त्याला चाकांच्या गाडीत बांधतात तेव्हा अंगणात असा पळतो की तीनपाट, म्हणजे आमचा तीन पायांचा, मागे पडतो.

या कामाची अट एकच, वेळ चुकवायची नाही. कुत्र्याचं मूत्राशय तुमच्या लग्नकार्याला सुट्टी देत नाही. म्हणूनच ते व्हॉलंटियरवर अवलंबून राहत नाहीत. तीनही वेळांना पगारी माणूस असतोच, आपण फक्त त्याचे जादा हात. हे मला फार शहाणपणाचं वाटलं. व्हॉलंटियर आला नाही म्हणून एकही प्राणी उपाशी किंवा ओला राहणार नाही अशी रचना ज्या जागेची नाही, तिथे तुमची मदत म्हणजे जुगार.

मौसम बघून कामं बदलतात. पावसाळ्यात जखमांत अळ्या पडलेले कुत्रे येतात. चिमट्याने एकेक अळी काढायची, ज्यांना जमत नाही त्यांनी टॉर्च धरायचा, तेही काम आहे. दिवाळीत फटाक्यांच्या रात्री खिडक्यांना गोणपाट लावून रेडिओ मोठा करून बसायचं. संक्रांतीच्या आसपास मांजाने पंख कापलेल्या घारी येतात. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ सालीच देशभर बंदी घातली आहे, पण पेठेत कुणाला विचारलं तर गल्लीतलं दुकान दाखवतात. घारीला मात्र व्हॉलंटियरने हात लावायचा नाही. वन्यपक्षी आहे, वनखात्याला १९२६ वर कळवायचं. दोर कापायच्या आधी पंख ओढू नका एवढं फोन करणाऱ्याला सांगायचं.

फोनवरून आठवलं. ज्यांना कुत्र्यांची भीती वाटते पण मदत करायची आहे अशांना ते फोनवर बसवतात. सोपं काम वाटतं ना? मी एक दुपार बसले. पहिलाच फोन एका सोसायटीच्या चेअरमन काकांचा.

"आमच्या पार्किंगमधली चार कुत्री उचलून न्या."

मी विचारलं, "आजारी आहेत का? जखमी आहेत? कुणाला चावली का?"

"नाही हो, पण आहेत ना!"

मी सांगितलं की नसबंदी आणि लसीसाठी नेता येतील, पण नंतर त्याच जागी आणून सोडावी लागतात, प्राणी जन्मदर नियंत्रणाच्या २०२३ च्या नियमांत तसंच आहे.

काका म्हणाले, "मग तुमचा उपयोग काय मॅडम?" आणि ठेवला.

२०२५ च्या ऑगस्टनंतर हे फोन वाढलेत. ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवारागृहांत ठेवायला सांगितलं, ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं. २२ तारखेला त्यात बदल करून नसबंदी आणि लसीकरण करून त्याच भागात सोडा, रेबीज झालेली किंवा आक्रमक तेवढी ठेवून घ्या, असं सांगितलं, ते कुणाच्या लक्षात नाही. नोव्हेंबरात शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं यांच्या आवारांसाठी आणखी वेगळा आदेश आला. हे सगळं फोनवर कुणाला समजावून सांगायला घसा हवा. टेबलावर त्यासाठी एक छापील कागद ठेवलाय, तो चांगला आहे, पण अक्षर इतकं बारीक की चष्मा लावूनही मला भिंग लागलं. मोठ्या अक्षरात छापा हो, दोन रुपये जास्त जातील.

आता पाचवा तारा.

बायकांसाठी संडास धड नाही. एकच आहे, कामगारांचा, दाराला आतून कडी नाही, दोरी गुंडाळून धरावी लागते. दिवसभर थांबायचं तर ही काही चैनीची मागणी नव्हे. सांगितलं, लेखी दिलं, 'बघतो' म्हणाले. कुत्र्यांचे नवीन केनेल मात्र त्याच काळात उभे राहिले. कुत्र्यांना आधी, हे मान्य. पण मग निम्म्याहून जास्त व्हॉलंटियर बायका आहेत आणि दुपारनंतर त्या का थांबत नाहीत, हा प्रश्न मीटिंगमध्ये विचारू नका.

रविवार. रविवारी जाऊच नका. कुठल्यातरी कंपनीची बस येते, सगळे एकाच रंगाच्या टी-शर्टात, एक बॅनर, तासभर कुत्र्यांना फिरवायचं, फोटो, नाश्ता, रवाना. एरवी महिनाभर फोन बाहेर काढू न देणारे इथले लोक त्या दिवशी डोळे मिटून घेतात, कारण त्या कंपनीच्या चेकवर महिन्याची औषधं येतात. हिशोब मला कळतो. पण घाबरट कुत्रे दिवसभर कोपऱ्यात तोंड घालून बसतात आणि सोमवारच्या पाटीवर 'जेवण: नाही' वाढलेलं दिसतं, तेही मला कळतं. बसवाल्यांना खराटा द्या, गोणपाट शिवायला द्या, कणी निवडायला बसवा. पैसे तेवढेच देतील.

तिसरी तक्रार मला सगळ्यांत जास्त टोचते. कुठला प्राणी गेला तर व्हॉलंटियरला कळवत नाहीत. आठवडाभराने आपण जातो, केनेल धुतलेलं, पाटी कोरी, किंवा तिथे भलताच कुत्रा. दत्तक गेला की जिवानिशीच गेला, हे आपणच कुणालातरी विचारायचं, आणि समोरचा कामात असतो. मूत्रपिंडवाल्या त्या कुत्रीचं मला असंच कळलं. मावशींना विचारलं तर त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं, म्हणाल्या, "बुधवारी. झोपेतच गेली बाय." त्या सांगत होत्या म्हणून बरं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसाला तीस गुड मॉर्निंग चालतात, दत्तक गेलेल्यांचे हार घातलेले फोटो येतात, मग गेलेल्यांची एक ओळ टाकायला काय हरकत आहे? डॉक्टरांचं म्हणणं, लोक खचतात आणि यायचं बंद करतात. मला वाटतं, न सांगितल्यामुळे जास्त बंद करतात.

तर कुणी जावं? ज्यांना महिन्यातून एकदा मन हलकं करायचंय त्यांनी शेजाऱ्यांचा कुत्रा फिरवून आणावा, शेजारी दुवा देतील. दहावी-बारावीच्या मुलांना प्रमाणपत्रासाठी पाठवणाऱ्या आईबाबांनीही त्रास घेऊ नये, अठराची अट आहे आणि प्रमाणपत्र सहा महिन्यांशिवाय देत नाहीत. निवृत्त माणसं इथे फार उपयोगी पडतात असं माझं निरीक्षण आहे. वेळ पाळतात, रजिस्टर नीट भरतात, आणि वासाला नाकं मुरडण्याचं वय उलटलेलं असतं. गुडघे दुखत असतील तर सांगा, स्टुलावर बसून करायची कामं देतात. गोचिडी काढणं हे तसलंच एक, आणि त्यात एक वेगळंच समाधान आहे. काढलेली गोचीड नखाने चिरडायची नाही, स्पिरिटच्या बाटलीत टाकायची.

जाताना काय न्यावं ते विचाराल. जुने टॉवेल आणि वर्तमानपत्रं, कितीही. सुती चादरी चालतील. कापसाच्या गाद्या-उशा नकोत, पिल्लं फाडतात, कापूस गिळतात आणि मग डॉक्टरांचं काम वाढतं. गमबूट स्वतःचे घ्या, तिथले सगळे आठ नंबरचे आहेत. आणि पिशवीत एक छोटी कडी, चार स्क्रू, पेचकस टाका. पुढच्या मंगळवारी मी ती लावणारच आहे, पण तुम्ही आधी पोचलात तर लावून टाका.